मिस्त्रींच्या मापाची मूठ

ललितापंचमीच्या सकाळी अनीश कूलर माळ्यावर टाकायला स्टुलावर चढला आणि जागा करता करता त्याच्या कोपराचा धक्का लागून एक जड पोतं थेट फरशीवर आलं. नवरात्रासाठी पुण्याहून आलेला हा मुलगा घरात पाऊल ठेवल्यापासून काही ना काही आवरत होता आणि त्याच्या आवरण्यापायी रोज काही ना काही फुटत होतं. आदल्या दिवशी लोणच्याची बरणी गेली होती. विजया पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, पोत्याकडे बघितलं आणि तिथेच खाली बसली.

पोत्यात लोखंडी रंधा होता. लोखंडाला काय होणार, ते होतं तसंच होतं. पण मागची वाकडी मूठ, जिच्यात बोटं अडकवून रंधा पुढे रेटायचा, ती मधोमध फुटून दोन तुकडे झाली होती. डाव्या हाताने दाबून धरायच्या पुढच्या गोल मुठीचाही अर्धा टवका उडाला होता.

अनीश म्हणाला, सॉरी आई, पण हे गंजकं धूड आपण ठेवलंय कशाला, भंगारात देऊन टाकू. त्यावर विजया जे बोलली ते तिने पुणतांब्याच्या त्या घरात आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"हा आपला नाही रे. हा बेलापूरच्या रंगनाथ मिस्त्रींचा आहे. त्यांच्या कारखान्यात मी दोन वर्षं ह्याच्यावर काम केलंय."

खुर्चीत बसलेल्या शामकांतरावांनी पेपरची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. सून भार्गवी लॅपटॉप मिटून जवळ आली. अनीश मात्र आळीपाळीने आईबापांकडे बघत राहिला, कारण बेलापूरचे ते दिवस त्याला पाठ होते. शाळा बंद पडली आणि बाबांनी शिकवण्या घेऊन संसार ओढला, हे त्याने मुंजीत ऐकलं होतं, लग्नात ऐकलं होतं, बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात तर स्वतः माइकवर सांगितलं होतं.

"बाबा शिकवण्या घ्यायचे ना?" त्याने विचारलं.

"दोन मुलं होती शिकवणीला," विजया म्हणाली. "त्यातलं एक दिवाळीनंतर आलं नाही."

एकदा तोंड उघडल्यावर मग तिने सगळं सांगितलं. शाळा बंद पडल्यावर शामकांतराव आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. भाड्याच्या खोलीच्या मागच्याच अंगाला रंगनाथ मिस्त्रींचा कारखाना होता. विजया तिथे ज्वारीसाठी रिकामं खोकं मागायला गेली होती. मिस्त्री शाळांसाठी चित्रकलेचे लाकडी बोर्ड बनवत होते, आणि हिच्या तोंडून सहज निघून गेलं की ह्या बोर्डाचा एक कोपरा काटकोनात नाही. मिस्त्रींनी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. कोपरा खरोखरच सुताभराने बाहेर होता. दुसऱ्या दिवसापासून तो गुण्या त्यांनी हिच्याच हाती दिला, आणि महिन्याभरात रंधाही दिला.

रंधा मिस्त्रींच्या वडिलांचा. मूठ केवढी थोरली, विजयाची बोटं तिच्याभोवती पोचायचीच नाहीत. दोन दिवसांत तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर मूठ बारीक झालेली, कानस मारून, घोटून, तेल लावून तिच्या हाताच्या मापाची केलेली. कारखान्यातली माणसं हसली, की मिस्त्रींनी बापाच्या हत्याराची मूठ एका बाईमाणसासाठी झिजवली. मिस्त्री कोणाला काही बोलले नाहीत. विजयालाही नाही.

"तुझ्या वेळी दिवस भरत आले तसं त्यांनी रंधा घरी दिला. वाकून उभं राहू नका, घरी बसून जमेल तेवढं करा म्हणाले. मी बाळंतपणाला राहुरीला माहेरी गेले. मी तिकडे असतानाच ह्यांना इथल्या शाळेची ऑर्डर आली आणि खोलीतलं सगळं सामान टेम्पोत घालून इकडे आणलं. त्यात हाही आला. तुझी आजी म्हणाली, सुतारकामाचा विषय आता ह्या घरात निघणार नाही. मग तो निघाला नाही."

"पण बेलापूर कितीसं लांब आहे?" भार्गवीने विचारलं.

हाच प्रश्न विजयाने स्वतःला सदतीस वर्षं विचारला होता. पहिल्या वर्षी सासूची भीती होती. पुढे लाज वाटू लागली, की इतके दिवस गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं. आणि जितकी वर्षं गेली तितकी ती लाज जाडच होत गेली. ज्या माणसाने पडत्या काळात घर उभं ठेवलं त्याला साधं 'येते' म्हणायचंही राहिलं आणि वर त्याच्या वडिलांचं हत्यार आपल्या माळ्यावर. मिस्त्री आपल्याला काय म्हणत असतील, ह्या विचाराने तिने श्रीरामपूरला जाताना बेलापूरची गाडीसुद्धा टाळली होती.

भार्गवी सरळ तिच्या बाजूने उभी राहिली. आपण जाऊन परत देऊ या, म्हणाली. अनीशने बापाची बाजू धरली. इतक्या वर्षांनी हे उकरून बाबांना चारचौघांत कशाला खाली बघायला लावायचं, असं त्याचं म्हणणं. शामकांतराव उठून गॅलरीत गेले आणि तिथल्या तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालून आले.

विजयाने तुकडे पदरात गोळा केले. "खंडेनवमीला त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असते," ती म्हणाली. "त्या दिवशी हा तिथे असला पाहिजे. आणि मोडकं हत्यार पूजेत ठेवत नाहीत. चार दिवस आहेत."

श्रीरामपूरच्या वखारीतून भार्गवी शिसवीचा एक ठोकळा घेऊन आली. विजयाने जुन्या पेटीतून करवत आणि कानशी काढल्या. पुढच्या गोल मुठीला कोणतंही माप चालणार होतं, खरा पेच निघाला तो मागच्या मुठीच्या मापाचा. जुने तुकडे जुळवून आकार मिळत होता, पण ते माप विजयाच्या हाताचं होतं. बारीक मूठ मिस्त्रींना परत करणं तिच्या मनाला पटेना. त्यांनी जे झिजवलं ते भरून द्यायचं तर मूठ त्यांच्या हाताला बसेल अशीच हवी होती, आणि तो हात तर तिने सदतीस वर्षांत पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवासमोर बसल्यावर तिला ते सुचलं. ती बसली होती तो पाट मिस्त्रींच्या हातचा होता. शाळांचे बोर्ड ते इंचांत करायचे, पण पाट, चौरंग, घरच्या वापराचं सगळं विती मोजून, म्हणजे हाताचा पंजा ताणून. पाट दोन विती लांब, असा त्यांचा ठोक हिशेब, आणि वीत त्यांची स्वतःची. तिने पूजा कशीबशी आटपली आणि पाट उचलून बाहेरच्या खोलीत आणला.

टेप लावला तर पाट एकोणीस इंच भरला. म्हणजे मिस्त्रींची वीत साडेनऊ इंच. विजयाची सात. पुढे कसं जायचं म्हणून ती कागदावर गिचमिड करत असताना मागून शामकांतराव आले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, समोर कोणी चुकीचं त्रैराशिक मांडत असताना त्याला रुसून बसणं किती वेळ जमणार.

"पेन्सिल दे इकडे," ते म्हणाले. "साताच्या विताला मुठीची पकड पावणेतीन इंच, तर साडेनऊला किती? पावणेचार. जाडीही त्याच प्रमाणात वाढव."

त्यांनी पुठ्ठ्यावर मुठीची आकृती काढली, आणि काय सुरेख काढली. मग लाकूड वाचावं म्हणून ती ठोकळ्यावर उभी ठेवली. विजयाने ती आडवी केली. मुठीला वर आणि खाली निमुळत्या शेपट्या असतात, लाकडाची रेघ त्यांच्या लांबीने गेली नाही तर जोर पडल्याबरोबर टवका उडतो, हे तिला मिस्त्रींनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. शामकांतरावांनी आडवी झालेली आकृती बघितली, बायकोकडे बघितलं आणि ते म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य विजयाने लग्नानंतर फारच थोड्या वेळा ऐकलं होतं.

मग ते तिथेच बसले. नवमीपर्यंत बाहेरच्या खोलीत दुसरं काही झालंच नाही. ठोकळा चौकोनी असतानाच त्यातून बोल्टसाठी लांब भोक पाडायचं होतं, नंतर आकार दिला की ड्रिल सरकतं. अनीशने ठोकळा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि आईने ड्रिल चालवलं. त्याने आईला भाकऱ्या करताना बघितलं होतं, फळ्यावर चित्रं काढताना बघितलं होतं, पण असं मांडी घालून कानशीवर अंगाचा भार टाकताना कधी बघितलं नव्हतं. भुसा तिच्या भुवयांवर बसला होता.

"मला कधीच का नाही सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"तुझ्या बाबांनी तेव्हा सगळं गमावलं होतं," ती म्हणाली. "शिकवण्यांची ती गोष्ट त्यांना पुरत होती. मला तिचा काही त्रास नव्हता. मिस्त्रींचं मात्र नाव पुसलं गेलं, ते मला खात राहिलं."

संध्याकाळी पॉलिशपेपर आणायला अनीश स्वतः गेला आणि विचारल्याशिवाय जवसाचं तेलही घेऊन आला. भार्गवीने मोबाईलवर शोधून मिस्त्रींचा मुलगा बजरंग ह्याच्या फर्निचरच्या दुकानाचा नंबर काढला होता. फोन कोणी करायचा हा प्रश्न निघाला, तेव्हा शामकांतरावांनी चष्मा लावला आणि नंबर फिरवला. दादा हायेत, आई बी हाय, नवमीला सकाळी या, असं बजरंग म्हणाला. अशा वयात माणूस असतोच असं नाही. विजयाने देवापुढे साखर ठेवली.

नवमीला बेलापूरला पोचेपर्यंत गाडीत विजया एकच वाक्य मनात घोळवत होती. मिस्त्री, तुम्ही काम दिलंत म्हणून आम्ही त्या दोन वर्षांतून तरलो, आणि मी तुम्हाला न सांगता निघून गेले. एवढंच म्हणायचं होतं. त्यानंतर ते काय बोलतील ते बोलोत. आईवडिलांना दारात उतरवून अनीश आणि भार्गवी हार आणि पेढे आणायला बाजारपेठेत गेले.

कारखाना ओळखू येत नव्हता. प्लायवूडचे ताव, विजेवरचे रंधे, कापायची मोठी यंत्रं, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं आणि यंत्रांनाही झेंडूचे हार. मध्ये सतरंजीवर जुनी हत्यारं ओळीने मांडली होती. पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत रंगनाथ मिस्त्री बसले होते. उंचपुरा माणूस आटून निम्मा झाला होता. शेजारी खाली त्यांची बायको रतनबाई निरांजनाच्या वाती वळत होती.

"ताई," मिस्त्री म्हणाले. एवढंच. पण ओळखायला त्यांना क्षण लागला नाही.

खुर्च्या आल्या, पाणी आलं. मिस्त्रींनी सगळं विचारलं. गुडघे कसे हायेत, पुणतांब्याला नदीला पानी किती हाय, गुर्जी रिटायर कवा झाले. विजयाने पुढे बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली हे ऐकून त्यांनी मान डोलवली. मुलंबाळं काय करतात, हे मात्र त्यांनी विचारलं नाही, रतनबाईंनीही नाही. जगात जो प्रश्न कोणी कोणाला पहिला विचारतं तोच ह्या घराने गाळला, हे विजयाच्या लक्षात आलं. माणसं रागावली आहेत, आणि त्यांचा हक्कच आहे, असं तिने मनाशी धरलं.

तिने पिशवीतून रंधा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मिस्त्रींनी आधी पातं बघितलं, मग बूड, मग मुठीत हात घातला. चारही बोटं आत गेली आणि तरी जागा उरली. त्यांनी रंधा उचलून बघितला तर तो हातात डुगडुगला.

शामकांतराव म्हणाले की माप पाटावरून काढलं होतं, पाट दोन विती, वीत साडेनऊ, गणित दोनदा तपासलं होतं. मिस्त्री हसले. सगळं अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"गनित बराबर हाय गुर्जी. त्या टायमाचा हात असाच हुता. आता हात म्हातारा झालाय, त्येला काय करता."

बजरंगने घड्याळाकडे बघितलं. असू द्या दादा, पूजेपुरता ठेवू, नंतर बघता येईल, म्हणाला. पण एकदा पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, आणि मिस्त्री त्या बाबतीत ऐकणारे नव्हते. "हातात न बसनारं हत्यार पुजायचं न्हाई," ते म्हणाले.

"कानस द्या," विजया म्हणाली.

ती सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली. बजरंगच्या कामावरची चार माणसं आरतीसाठी उभी होती ती उभीच राहिली. ती घासायची, मिस्त्री हात घालून बघायचे, अंगठ्याजवळ बोट ठेवून 'हितं' म्हणायचे, ती पुन्हा घासायची. कानस खरखरत असतानाच शामकांतराव उभे राहिले. ह्या माणसाला वर्गाबाहेर उभं राहून बोलायची सवय नव्हती.

"मिस्त्री, मी आजवर लोकांना सांगत आलो की त्या दोन वर्षांत मी शिकवण्या घेऊन घर चालवलं," ते म्हणाले. "ते खरं नाही. घर हिच्या कामावर चाललं. आणि हिला काम तुम्ही दिलंत. तुमच्या पाया पडावं अशी ती गोष्ट होती आणि आम्ही खोली रिकामी करून तुमचा रंधासुद्धा घेऊन गेलो."

कामावरची माणसं खाली बघू लागली. विजयाची कानस थांबली. तिने घोळवून आणलेलं वाक्य तिच्याआधी नवऱ्याने बोलून टाकलं होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं की हे आपल्यापेक्षा ह्यांनीच बोलायला हवं होतं. मिस्त्रींनी नुसता हात हलवला, जसा काही चहा नको म्हणावं तसा.

तिने शेवटचा पॉलिशपेपर मारला आणि सवयीने आधी स्वतःचा हात घालून बघितला. मूठ तिला नेमकी बसली. मग मिस्त्रींनी घातला, आणि त्यांनाही नेमकी बसली. त्यांनी बजरंगला सागाची एक फळी धरायला लावली, खुर्चीतून उठले आणि एकदाच, लांब, सावकाश रंधा मारला. वाटेत न तुटता एक पातळ साल निघून फरशीवर पडली. "आता ठेव पुजेत," ते म्हणाले.

तेवढ्यात अनीश आणि भार्गवी आत आले. अनीशच्या एका हातात हार होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. "आई, उशीर नाही ना झाला?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी मान वळवली. त्यांनी अनीशकडे बघितलं, मग विजयाकडे.

"ह्यो कोन?"

"अनीश. आमचा मुलगा," विजया म्हणाली. "तुम्ही रंधा घरी दिलात तेव्हा पोटात होता, तोच."

रतनबाईंच्या हातातली वात खाली पडली. मिस्त्री खुर्चीचा हात चाचपत खाली बसले. विजयाला कळेना की आपलं काय चुकलं.

"शेजारची म्हनली, बाई राहुरीला लई अडली हुती," ते म्हणाले. "मंग आमी वाट बघितली. पेढं आलं न्हाई. बर्फी आली न्हाई. खोली रिकामी झाली. मंग आमी काय समजायचं ते समजलो."

"मी ह्येंना म्हनायची, वरीस झालं, रंधा तरी घिऊन या," रतनबाई म्हणाल्या. "हे म्हनायचे, ज्या घरात पाळना हालला न्हाई तिथं हत्यार मागायला जायचं न्हाई. आनि कुनी जायाचं बी न्हाई."

विजया तशीच सतरंजीवर बसून राहिली. हा माणूस आपल्याला दूषणं देत असेल म्हणून ती सदतीस वर्षं ह्या गावाला वळसा घालत होती, आणि तो मात्र तिच्या न झालेल्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून बापाच्या हत्यारावर पाणी सोडून बसला होता. मघाशी सुद्धा त्यांनी मुलांचं विचारलं नव्हतं ते ह्यासाठी. दोन वर्षांच्या कामाचे आभार मानायला ती आली होती. ह्याचे आभार कसे मानतात ते तिला माहीत नव्हतं. ती रडली, सगळ्यांसमोर, भुशाने माखलेले हात मांडीवर ठेवून, आणि रडताना तिला फार हलकं वाटत होतं.

मिस्त्री तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी अनीशला बोटाने जवळ बोलावलं. सदतीस वर्षांचा तो बाप्या माणूस गुमान जाऊन त्यांच्या गुडघ्यापाशी बसला.

"कवा झाला?" मिस्त्रींनी विजयाला विचारलं.

"गुरुवारी. पहाटे."

"लगीच रडला?"

"रडला. दवाखाना डोक्यावर घेतला."

मिस्त्रींनी मान डोलवली, दोनदा, तीनदा. मग त्यांनी अनीशच्या हातातला पुडा घेतला, दोरा सोडला आणि आतला एक पेढा उचलला.

"दादा, निवद व्हायचाय अजून," बजरंग म्हणाला.

"ह्यो निवदाचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ह्यो ह्याच्या जल्माचा हाय."

त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले, एक रतनबाईंच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा तोंडात टाकून ते सावकाश खात बसले. त्यांचं खाऊन होईपर्यंत आरती थांबली होती.